चंद्राताईंचे मऊ नकार

विश्रांतवाडीच्या चंद्राताई रणपिसे यांच्याकडून नकार घेतलेला माणूस घरी जाताना खूश असायचा. होकार मिळालेलेसुद्धा एवढे खूश नसत. कारण होकार आला की हॉल, बँड आणि पंगतीत कोणता मामा रुसणार, याची काळजी लगेच सुरू होते. नकारवाल्याला कसलीच काळजी नाही. स्थळ तुमच्यासारखंच सोन्यासारखं होतं, त्यांना तुम्ही फारच आवडला होतात, फक्त वेळ जुळली नाही, हे चंद्राताईंनी त्याच्या गळी इतक्या गोडीनं उतरवलेलं असायचं, की तो उठताना त्यांचेच आभार मानायचा.

हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. इतर पुणेकरांचं बरं असतं. मुलाला टक्कल पडायला लागलेलं दिसलं, सासू कजाग वाटली, घरातला संडास गॅलरीत निघाला, की ते एकच वाक्य म्हणतात, "पत्रिका जुळत नाही हो." म्हणणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि सगळा दोष बिचाऱ्या मंगळावर टाकून दोन्ही घरं मोकळी होतात. चंद्राताईंच्या समाजानं छप्पन साली धम्म घेतला आणि मंगळ, शनी वगैरे मंडळींना घराबाहेरचा रस्ता दाखवला. ते उत्तमच झालं, याविषयी चंद्राताईंना तिळमात्र शंका नव्हती. त्यांचे वडील त्यासाठी पुण्याहून नागपूरला गेले होते आणि आल्यावर पहिलं काम त्यांनी घरातलं पंचांग बंबात घालण्याचं केलं होतं. फक्त मंगळाबरोबर नकार द्यायचं आयतं कारणही बंबात गेलं, ही अडचण तेव्हा कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती पुढं चंद्राताईंना निस्तरावी लागली.

त्यासाठी त्यांनी स्वतःची कारणं तयार केली होती. "मुलाच्या बहिणीचं आधी करायचं म्हणतात" हे मुलीकडच्यांसाठी. "मुलीला अजून पुढं शिकायचंय" हे मुलाकडच्यांसाठी. अगदीच कोणी चिवट निघाला तर "लांबून भावकी निघतेय हो" हे खास राखून ठेवलेलं. समोरचा किती सोसेल ते चेहऱ्यावरून जोखायचं आणि त्या मापाचं कारण काढून द्यायचं, अशी त्यांची पद्धत. लोकांना या कारणांचा अर्थ माहीत असायचा. तरी ती ऐकताना बरं वाटायचं.

हा गुण त्यांनी टेलिफोन खात्यात कमावला होता. तिथं त्या ट्रंक कॉलच्या बोर्डावर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, आणि आवाज असा की रागावलेला माणूससुद्धा "हां हां, थांबतो" म्हणायचा. साताऱ्याहून बायको पुण्यातल्या नवऱ्याला फोन लावायची आणि नवरा पलीकडून चंद्राताईंनाच सांगायचा, "सांगा तिला, नाहीये मी." चंद्राताई लाइन बदलून म्हणायच्या, "बाई, साहेब आत्ताच कामाला बाहेर पडले. तुमचा फोन यायचा म्हणून बराच वेळ थांबले होते म्हणे." दुसरं वाक्य त्यांच्या पदरचं. खात्याच्या नियमात ते बसत नव्हतं, पण साताऱ्याची बाई सुखानं फोन ठेवायची. पुढं गल्लोगल्ली एसटीडीची पिवळी बूथं झाली, लोक आपापले नंबर फिरवायला लागले, आणि मधे बसून कोणाचं मन राखायची सोयच उरली नाही. चंद्राताईंनी निवृत्ती घेतली आणि समाजातली लग्नं जमवायला लागल्या. तिथं अजून मधलं माणूस लागत होतं.

त्यांचा मुलगा धम्मदीप एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. एकदा कंपनीनं त्याला दोन दिवस खडकवासल्याच्या बाजूला एका रिसॉर्टवर नेऊन भावनिक बुद्धिमत्ता शिकवली. तो परत आला तो एक मग आणि एक रंगीत तक्ता घेऊन. तक्त्यावर गोल गोल चेहरे होते. प्रत्येकाखाली तो माणूस रागावला आहे, दुखावला आहे की नुसताच दमला आहे, ते लिहिलं होतं.

"हे ओळखायला शिकवतात?" चंद्राताईंनी चष्मा वर करून विचारलं.

"हो. लीडरला टीमचे इमोशन्स कळायला हवेत."

"आणि कंपनी यासाठी जेवण पण घालते?"

"आई, हसू नकोस. यावर रिसर्च झालाय. नुसत्या हुशारीवर काही होत नाही आता."

"अरे, वटवट करणारा हा चेहरा तुमच्या रामदासकाकांचा. ओठ दाबलेला हा तुझ्या बायकोचा, मी भाजीत मीठ कमी घातलं की दिसतो तो. त्यासाठी धरणावर कशाला जायचं?"

स्वयंपाकघरात भाग्यश्रीनं, म्हणजे सुनेनं, ओठ दाबले. धम्मदीप मात्र मनापासून म्हणाला, "खरंच आई, तुझा ईक्यू जबरदस्त आहे." ईक्यू म्हणजे काय ते चंद्राताईंनी विचारून घेतलं आणि पुढं बरेच दिवस विहारात, भाजीवाल्याकडं आणि दवाखान्याच्या रांगेत तो शब्द त्या सहज आल्यासारखा वापरत राहिल्या.

नेमक्या त्याच सुमारास, दोन हजार साल उजाडायच्या आधीच्या पावसाळ्यात, मेश्रामांची दीपाली त्यांच्याकडं आली. म्हणजे तिचं स्थळ आलं. मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील बापूराव तिकडं एका मोठ्या कारखान्यात होते, नोकरीची शेवटची वर्षं बदलीनं पुण्यात काढली आणि वारज्याला फ्लॅट घेऊन इथंच राहिले. दीपाली कॉम्प्युटर शिकलेली, एका कंपनीत टेस्टिंगला. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याला तोंडावर सांगायच्या, असं काम. मुलगी उंच, ठसठशीत, बोलायला मोकळी. चंद्राताईंनी तिच्यासाठी विश्रांतवाडीतल्याच ओव्हाळांचा तेजस काढला. तोही सॉफ्टवेअरमधला. वडील कलेक्टर कचेरीतून निवृत्त, आई नीटनेटकी, आणि घरात सगळे इतक्या हळू बोलत की पाहुण्याला आपण दवाखान्यात आलोय असं वाटावं.

वारज्याला पाहण्याचा कार्यक्रम झाला. चहा झाला, चिवडा झाला. दीपालीनं तेजसला त्याच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं, आपल्या कामाबद्दल सांगितलं, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही हेही सांगितलं, आणि सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. खालच्या मजल्यावरच्यांनाही तिच्या अटी कळल्या असाव्यात. बापूराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मुलीकडं पाहत होते आणि कोणीही काहीही बोललं तरी हसून मान हलवत होते. मोठा समजूतदार, अबोल माणूस आहे, असं चंद्राताईंनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी ओव्हाळवहिनी आल्या. "मुलगी चांगली आहे हो चंद्राताई. पण बोलते किती मोठ्यानं! आमच्या घरात कसं व्हायचं?" तेजसनं आपल्या पद्धतीनं सांगितलं, "काकू, सगळं ओके आहे, फक्त व्हॉल्यूम जास्त आहे. उद्या कंपनीच्या पार्टीत मला ऑकवर्ड होईल." चंद्राताईंनी मान डोलावली. नकार ठीक होता, रोजचाच होता. आता त्याला कपडे चढवायचे होते.

बहिणीचं कारण चालणार नव्हतं, तेजसला बहीण नव्हती. भावकी निघायची शक्यता नव्हती, कुठं भंडारा आणि कुठं हे. मग त्यांना नवं कारण सुचलं आणि त्यावर त्या स्वतःच खूश झाल्या. धम्मदीपच्या तोंडी हल्ली एकच शब्द असायचा, ऑनसाइट. कंपनीतला अमका ऑनसाइट गेला, तमक्याचं ऑनसाइट पुढं गेलं. जो तो अमेरिकेला निघालेला. चंद्राताईंनी वारज्याला फोन लावला आणि दीपालीच्या आईला, वेणूबाईंना, बोर्डावरच्या आवाजात सांगितलं, "तेजसला अचानक ऑनसाइट जावं लागतंय हो. त्यांना तुमची दीपाली फार आवडली. पण आता परत कधी येईल कोण जाणे, म्हणून सध्या विषय थांबवू म्हणतात."

वेणूबाई म्हणाल्या, "हो का जी? चालंल."

"चालेल" म्हणजे समजलं. पुण्यात याहून वेगळा अर्थ कसा असेल? चंद्राताईंनी समाधानानं फोन ठेवला आणि दुसऱ्या स्थळाकडं वळल्या.

दिवाळीनंतर वेणूबाईंचा फोन आला. "कसे आहेत तेजसभाऊ? करमते का त्यायले तिकडं?" चंद्राताईंना कौतुक वाटलं. किती सभ्य माणसं! नकार पचवून वर मुलाची चौकशी करतात. दोघींनी मिळून झाकलेली गोष्ट झाकलेलीच ठेवायची, एवढी रीत त्यांनाही कळत होती. चंद्राताईंनीही तसंच उत्तर दिलं, "मजेत आहे. कामात गढलाय बिचारा." जानेवारीत पुन्हा फोन आला, तिकडं थंडी फार आहे म्हणतात म्हणून. चंद्राताई म्हणाल्या, "हो ना, बर्फात जावं लागतं त्याला." तेव्हा तेजस त्यांच्या घरासमोरून स्कूटरवर केळी घेऊन चालला होता. खिडकीतून त्यांनी त्याला हातही केला.

एप्रिलमध्ये तेजसचं लग्न ठरलं, दुसऱ्याच कोणीतरी जमवलेलं, येरवड्याची मुलगी. बुद्धपौर्णिमेनंतरची तारीख धरली, पत्रिका छापल्या. म्हणजे लग्नाच्या. ओव्हाळवहिनी चंद्राताईंकडं आल्या, त्यांच्या हातात पत्रिका दिली, आणि त्या अजून बसल्याही नव्हत्या तोच फोन वाजला.

"चंद्राताई, मी वेणूबाई जी, वारज्याहून. विचाराचं होतं, पोरगं मे महिन्यात येते का? हॉल आतापासून सांगा लागते न. आन् नागपूरहून एक सांगून आलं होतं, वीज मंडळातलं, त्यायले आमी नाही म्हनलं. त्याच्या आधीचं बी एक होतं. म्हनलं, आपली पोरगी एकाले दिली हाय, आता दुसऱ्याले काहून दाखवाची?"

चंद्राताईंच्या हातातली पत्रिका खाली पडली. ओव्हाळवहिनींनी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "कोणाचा हो?"

"राँग नंबर," रिसीव्हर ठेवत चंद्राताई म्हणाल्या. तेवढंच सुचलं.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. ऑनसाइटचं कारण ज्यांना ऑनसाइट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांना ते नकार म्हणून बरोबर समजलं असतं. दीपालीला ते चांगलंच माहीत होतं. तिच्या शेजारच्या टेबलावरची मुलं खरोखर जात होती आणि खरोखर परत येत होती. त्यामुळे ते खरंच वाटलं. आणि वेणूबाईंच्या भागात विषय थांबवू म्हणजे विषय थांबवू. तो पुढं सुरू होतो. लग्नाच्या पत्रिका समाजात वाटायला सुरुवात झाली होती. वारज्यातल्या कोणाच्या ना कोणाच्या घरी एक पोचणारच होती. ती दीपालीच्या हातात पडायच्या आत तिला सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं माणूस एकच होतं.

धम्मदीप म्हणाला, "फोन करून टाक. सिंपल आहे. आधी एक पॉझिटिव्ह सांगायचं, मग निगेटिव्ह, मग परत पॉझिटिव्ह."

"तू गप्प बस," चंद्राताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या पीएमटीनं निघाल्या. महापालिकेपाशी बस बदलली, वारज्याची धरली, खिडकीजवळ जागा मिळाली आणि कारण शोधायला लागल्या. सवयच ती. तेजसला तिकडंच कायमची नोकरी लागली, असं सांगावं का? पण मग येरवड्याचं लग्न? तेजसच्या आजीनं हट्ट धरला, असं सांगावं? आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. डेक्कन मागं पडलं, कर्वे रस्ता लागला, आणि प्रत्येक थांब्यावर एकेक कारण उतरून गेलं.

तेव्हा त्यांना त्यांचे वडील आठवले. चंद्राताई लग्नाच्या होत्या तेव्हा दौंडकडचं एक स्थळ घरी आलं होतं. मुलाच्या चुलत्यानं चहाची बशी खाली ठेवून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पोरगी ठेंगणी आहे. नको." त्यात चंद्राताईंना स्वतःचं फारसं काही वाटलं नव्हतं, मुलगा त्यांनाही पसंत नव्हता. पण वडिलांचा चेहरा! हसरा चेहरा ठेवायचा प्रयत्न करणारा तो माणूस त्यांना बघवला नव्हता. तसा चेहरा पुन्हा कुठल्या बापाचा होऊ द्यायचा नाही, म्हणून आपण हे सगळं करतो, असं त्या आजवर धरून चालल्या होत्या. बसमध्ये मात्र एक वेगळीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि ती काही केल्या बाजूला सरेना. तसा चेहरा होऊ नये, हे एक. तसा चेहरा आपल्याला पाहावा लागू नये, हे दुसरं. इतकी वर्षं त्या दुसरं करत होत्या आणि त्याला पहिल्याचं नाव देत होत्या. कंडक्टर दोनदा "वारजे माळवाडी" म्हणून ओरडला तेव्हा कुठं त्या उतरल्या.

दार वेणूबाईंनी उघडलं. "या न जी, जय भीम. आता तुमचीच आठवण काढून राह्यलो होतो." बापूराव गॅलरीत कूलरला नवीन गवत बसवत होते. पुण्यात राहून इतकी वर्षं झाली तरी एप्रिल लागला की भंडाऱ्याचा माणूस कूलर काढणारच, मग बाहेर वारा का सुटलेला असेना. त्यांनी पाना उंचावून हसून नमस्कार केला. दीपाली आतून पाणी घेऊन आली.

चंद्राताई पाणी प्यायल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि एवढं सगळं बसमध्ये कळूनसुद्धा त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं, "अहो, तेजसला तिकडंच राहावं लागेलसं दिसतंय. कायमचंच म्हणा ना. आता एवढ्या लांब दीपालीला पाठवायचं म्हणजे..."

"मंग जाईल न," वेणूबाई म्हणाल्या. "पासपोर्ट काढून ठेवला तिचा. दीपाली, दाखव माय यायले पासपोर्ट."

दीपाली जागची हलली नाही. ती चंद्राताईंकडं पाहत होती, कामावर पडद्याकडं पाहत असेल तशी, कुठं बिघडलंय ते शोधत.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही दुसरंच काहीतरी सांगायला आलात."

आजवर दुसऱ्यांचे चेहरे वाचायचं काम चंद्राताईंचं होतं. आपलाही कोणी वाचेल, हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं. "तेजस पुण्यातच आहे," त्या म्हणाल्या.

"कधी आला?"

"गेलाच नाही. त्यांचा नकार होता. तेव्हाच. आता त्याचं लग्न ठरलंय."

वेणूबाईंनी पदर तोंडाला लावला. दीपालीनं विचारलं, "नकार कशासाठी?"

"असंच गं. काही खास नाही."

"काकू."

"तू मोठ्यानं बोलतेस म्हणाले."

गॅलरीतून बापूरावांच्या पान्याची खटखट तेवढी येत होती. मग दीपाली बोलली, आणि चंद्राताईंच्या लक्षात आलं की आज ती हळू बोलते आहे, अगदी ओव्हाळांच्या घरात बोलावं तेवढं हळू.

"बाबांना ऐकू येत नाही. कारखान्यात मोठ्या हातोड्यांच्या खात्यात होते, तिथं कान गेले. मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणतात, म्हणून लावत नाहीत. हळू बोललं की नुसते हसून मान हलवतात, समोरच्याला वाईट वाटायला नको म्हणून. त्या दिवशी मी मोठ्यानं बोलत होते ते त्यांच्यासाठी. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं न. त्यांना कळायला नको?"

तो अबोल, समजूतदार माणूस! त्याची मान हलताना पाहून त्याच्याबद्दल सगळं कळलं असं समजून त्या उठल्या होत्या.

"हे तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं," दीपाली म्हणाली, "तर मी एक दिवस रडले असते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले असते. तुम्ही मला इतके महिने आनंदात ठेवलंत काकू. त्याचं आता मी काय करू?"

"चुकलं माझं. मी बाबांना..."

"बाबांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. आणि त्यांना ऐकू जाईल असं सांगा."

चंद्राताई उठून गॅलरीत गेल्या. "बापूराव," त्या म्हणाल्या, "तेजसच्या घरच्यांचा जरा वेगळा विचार झालाय." बापूराव प्रसन्न हसले आणि त्यांनी मान हलवली. चंद्राताईंनी आवाज थोडा चढवला. "म्हणजे त्यांचं जमेलसं वाटत नाही हो." बापूराव आणखी हसले. "हो जी, हो जी," म्हणाले. समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालत होती, खाली पोरं क्रिकेट खेळत होती. उभ्या आयुष्यात चंद्राताईंनी आवाज कधी चढवला नव्हता. कोणाला हाक मारायची तरी त्या उठून जवळ जात.

त्यांनी गॅलरीचा कठडा धरला आणि ओरडल्या. "नकार आहे! त्यांनी नकार दिलाय! आत्ता नाही, तेव्हाच दिला होता! मी तुम्हाला खोटं सांगितलं!"

समोरच्या बाईच्या हातातली चादर तशीच राहिली. पोरांनी खेळ थांबवून वर पाहिलं. बापूरावांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी चंद्राताईंकडं पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुलीकडं पाहिलं, आणि चंद्राताईंनी डोळे दुसरीकडं न वळवता तो चेहरा पूर्ण पाहिला.

"म्हंजे," बापूरावांनी विचारलं, "पोरगं अमेरिकेले गेलंच नाही?"

"नाही!"

"बर्फात नव्हतं?"

"नव्हतं!"

बापूरावांनी मोठा श्वास सोडला. "मंग बेस झालं," ते म्हणाले. "मी रोज पेपरात पाहून राह्यलो होतो. यंदा लय बर्फ पडला तिकडं. मले वाटे, लेकरू एकटं कसं राहत असंल."

दीपाली दारात रडत होती. तिच्या रडण्याला आवाज नव्हता. ते पाहून चंद्राताईंच्याही डोळ्यांना धार लागली, आणि ती लपवायला जवळपास चहाचा कप नव्हता, फोन नव्हता, काहीच नव्हतं. बापूराव गोंधळून एकीकडून दुसरीकडं पाहत राहिले.

"आता यायले काय झालं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"विचारा त्यांनाच," दीपाली डोळे पुसत म्हणाली.

"काय झालं जी?"

चंद्राताईंनी तोंड उघडलं. "काही नाही, जरा डोळ्यात..." एवढं हळूच म्हणून झालं, आणि बापूराव हसून मान हलवायला लागले. तेव्हा त्या थांबल्या, छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून घेतला, आणि समोरची बाई, खालची पोरं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला लाज वाटतेय!"

ते बापूरावांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि दीपालीला आतून खुर्ची आणायला सांगितलं.